काखेच्या उग्र दुर्गंधीवरील शस्त्रक्रिया : एक आढावा

काखेतून येणाऱ्या अतितीव्र वासावर शस्त्रक्रियेने उपचार करता येतो, ही गोष्ट वैद्यकशास्त्रात साठ वर्षांपासून प्रस्थापित असली, तरी मराठवाड्यातील बहुतेक वाचकांना ती नवी वाटेल. जपान, कोरिया, तैवान आणि चीन या देशांत ही शस्त्रक्रिया नित्याची असून तिच्यावरील वैद्यकीय लेखनाचा मोठा भाग तिकडूनच आलेला आहे. भारतात मात्र ती मोठ्या शहरांतील मोजक्या प्लास्टिक सर्जनांपुरती राहिली आहे. धाराशिव जिल्ह्यातील अणदूरसारख्या गावातून हा विषय पाहू लागले, की पूर्व आशियाई ग्रंथांत न आढळणारे काही मुद्दे त्याला येऊन चिकटतात: चाळीस अंशांच्या पुढे जाणारा उन्हाळा, पाण्याची टंचाई, अंगमेहनतीची कामे, लग्नाच्या बोलण्यांतली कुजबुज आणि शस्त्रक्रियेनंतर हात बांधून बसावे लागणारे दिवस. म्हणून ‘ही शस्त्रक्रिया करता येते का’ हा प्रश्न फारसा अवघड नाही. ती कोणी करून घ्यावी आणि कोणी तिच्या वाटेला जाऊ नये, हा खरा अवघड प्रश्न आहे.

मानवी त्वचेत घामाच्या ग्रंथी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार एक्राइन ग्रंथींचा; त्या जवळजवळ सर्वांगावर पसरलेल्या असून त्यांची संख्या वीस ते चाळीस लाखांच्या घरात असते, आणि त्यांतून येणारा पाण्यासारखा खारट घाम शरीर थंड ठेवण्याचे काम करतो. दुसरा प्रकार अपोक्राइन ग्रंथींचा. त्या काख, स्तनाग्रांभोवतीचा भाग आणि जांघ अशा थोड्याच ठिकाणी असतात, केसाच्या छिद्रात उघडतात, वयात येईपर्यंत निद्रिस्त राहतात आणि नंतर स्निग्ध, किंचित दाट असा स्राव अत्यल्प प्रमाणात सोडतात. दुर्गंधीचे मूळ मुख्यतः या दुसऱ्या प्रकारात आहे. या ग्रंथी अंतस्त्वचेच्या तळाशी, म्हणजे जिथे त्वचा संपून चरबीचा थर सुरू होतो त्या सीमेवर वसलेल्या असतात, आणि शस्त्रक्रियेचे सगळे यशापयश या एका शारीररचनेवर अवलंबून आहे.

येथे चरकसंहितेतील एका निरीक्षणाची नोंद घ्यावीशी वाटते. घाम वाहून नेणाऱ्या स्रोतसांचे मूळ मेद आणि लोमकूप, म्हणजे चरबी आणि केसांची छिद्रे, यांत असल्याचे चरकाने सांगितले आहे, आणि अतिस्थूल माणसाच्या आठ दोषांत दुर्गंधी व घामाचा त्रास हे दोन दोष स्वतंत्रपणे मोजले आहेत. सूक्ष्मदर्शकाशिवाय केलेल्या या मांडणीला आधुनिक ऊतिशास्त्राचा पूर्वावतार ठरवण्याचा मोह टाळलेलाच बरा. तरीही स्थूलतेत काखेच्या घड्या ओलसर राहतात आणि वास वाढतो, हे आजचा त्वचारोगतज्ज्ञही मान्य करतो.

अपोक्राइन स्राव ग्रंथीतून बाहेर पडताना जवळजवळ वासहीन असतो. वॉल्टर शेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९५३ साली दाखवून दिले, की हा स्राव निर्जंतुक राहिला तर त्याला वास येत नाही, तो जिवाणूंच्या संपर्कात आल्यावरच दर्प निर्माण होतो. पुढे या दर्पाचे रसायनशास्त्र उलगडत गेले. काखेतील कोरिनेबॅक्टेरियम गटाचे जिवाणू स्रावातील वासहीन रेणूंना तोडून शाखायुक्त मेदाम्ले मोकळी करतात, तर स्टॅफिलोकॉकस होमिनिस हा जिवाणू कांद्यासारखा उग्र वास असलेले गंधकयुक्त संयुग तयार करतो. हे काम त्याच्याकडील कोणते विकर करते, ते इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली स्पष्ट केले. ज्या जिल्ह्याने उस्मानाबादी शेळीला नाव दिले, तेथील वाचकाला माजावर आलेल्या बोकडाचा दर्प वेगळा सांगावा लागत नाही. तो दर्पही शाखायुक्त मेदाम्लांचाच असतो, आणि काखेच्या उग्र वासाला बोकडाची उपमा देणारे गावकरी नकळत रसायनशास्त्राच्या बरेच जवळ असतात.

वासाची तीव्रता मोठ्या प्रमाणात आनुवंशिक असते. सोळाव्या गुणसूत्रावरील एबीसीसी११ या जनुकात एका अक्षराचा फरक झाला, की अपोक्राइन ग्रंथींत वासाचे पूर्वद्रव्य पोहोचतच नाही. त्याच फरकामुळे कानातला मळ चिकट, ओला न राहता कोरडा, भुसभुशीत होतो. कानाचा मळ आणि काखेचा वास यांचा संबंध जपानी शरीररचनाशास्त्रज्ञ बुंतारो आदाची यांनी १९३७ मध्ये मांडला होता. त्यामागचे जनुक २००६ मध्ये सापडले. कोरिया आणि उत्तर चीन येथे जवळजवळ सगळे, आणि जपानमध्ये बहुसंख्य लोक कोरड्या मळाचे, म्हणजेच जवळपास गंधहीन काखेचे असतात. युरोप आणि आफ्रिकेत चित्र नेमके उलटे आहे, तर दक्षिण आशिया मध्ये कुठेतरी बसतो: कोरडा मळ असणारे येथे थोडेथोडके नाहीत, पण ओल्या मळाचे अधिक आहेत.

पूर्व आशियात ही शस्त्रक्रिया इतकी का रुजली, याचे उत्तर या प्रमाणांत दडलेले आहे. जिथे वर्गातल्या बहुतेक मुलांना वासच येत नाही, तिथे ज्या एखाद्याला तो येतो त्याच्या साध्या वासालाही रोगाचे नाव मिळते. अणदूरच्या बाजारात किंवा सोलापूरकडे जाणाऱ्या भरलेल्या एसटीत तोच माणूस कोणाच्या लक्षातही येणार नाही. त्यामुळे तैवान वा कोरियातील रुग्णमालिका वाचून त्यांचे निकष जसेच्या तसे मराठवाड्यात लावणे चुकीचे ठरेल. वास मोजण्याचा गज समाजाच्या नाकाप्रमाणे बदलतो. बाजारपेठ तर गजाशिवायच चालते: ब्रिटनमधील एका मोठ्या पाहणीत सुमारे २ टक्के स्त्रियांमध्ये गंधहीनतेचे जनुकरूप आढळले, पण त्यांतल्याही बहुसंख्य जणी नियमितपणे डिओडरंट वापरत होत्या.

म्हणून उपचाराआधीची पहिली पायरी निदानाची, आणि नेमकी तीच बहुधा घाईत उरकली जाते. त्वचारोगतज्ज्ञ काखेत काही मिनिटे ठेवलेला स्वच्छ गॉज रुग्णाला थोडे चालवून आणल्यावर काढतात आणि तो किती अंतरावरून जाणवतो ते स्वतः व सहकाऱ्याकडून पाहून घेतात. हातभर अंतरावरून येणारा वास आणि कापड नाकाला लावल्यावरच येणारा वास यांत शस्त्रक्रियेच्या दृष्टीने मोठा फरक असतो. काखेतल्या केसांवर पिवळसर खरपुड्यांची आवरणे दिसली, तर तो ट्रायकोमायकोसिस नावाचा जिवाणुसंसर्ग असतो, आणि केस काढून साधे मलम लावल्यावर तो बरा होतो. तांबूस-तपकिरी चट्टा असेल तर एरिथ्रॅझ्मा हा दुसरा जिवाणुसंसर्ग संभवतो, आणि वारंवार होणाऱ्या त्वचासंसर्गामागे मधुमेह आहे का हेही पाहावे लागते. घाम, श्वास आणि लघवी या सर्वांनाच माशासारखा वास येत असेल, तर काखेचा दोष नसून ट्रायमेथिलअमिन्युरिया हा यकृतातील विकराच्या अभावाचा दुर्मीळ आनुवंशिक विकार असतो आणि काख कापून त्याचा काहीही उपयोग होत नाही. गावात ज्याला काखमांजरी म्हणतात ते दुखरे गळू एकदा होऊन गेले तर ठीक. पण गळवे पुन्हापुन्हा येत असतील, त्यांतून पू वाहत असेल आणि त्वचेखाली बोगदे तयार होत असतील, तर तो हायड्रॅडिनायटिस हा वेगळा आजार आहे. त्याच्या शस्त्रक्रियेची गरज आणि व्याप्ती पूर्णपणे निराळी असते.

सर्वांत नाजूक गट तो, ज्यांना स्वतःच्या अंगाला भयंकर वास येतो अशी खात्री असते पण इतर कोणालाही तो येत नाही. समोरच्याने नाकाला रुमाल लावला, खिडकी उघडली, खोकला काढला, की तो आपल्यामुळेच, असे त्यांना वाटत राहते. प्राइस-फिलिप्स यांनी १९७१ मध्ये या अवस्थेचे सविस्तर वर्णन केले, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत तिला स्वतंत्र मानसविकाराचा दर्जा मिळाला आहे. असे रुग्ण सर्जनकडे मोठ्या आशेने जातात, शस्त्रक्रिया होऊनही त्यांचे समाधान होत नाही, आणि मग दुसरा सर्जन शोधतात. या गटाला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवण्याऐवजी टेबलावर घेणे ही वैद्यकीय चूकच मानली पाहिजे. रुग्णाचे नातेवाईक आणि डॉक्टर या दोघांनाही वास येतो याची खात्री झाल्याशिवाय सुरी हातात घेऊ नये, हा नियम येथे फार कडक वाटला तरी योग्य आहे.

वास खरोखर असला तरी त्याचा मोठा भाग शस्त्रक्रियेशिवाय आटोक्यात येतो. न्हाव्याच्या पेटीतली तुरटी हा या यादीतील सर्वांत जुना उपाय. ती त्वचा आकसवते आणि जिवाणूंची वाढ रोखते. त्याच घराण्यातील ॲल्युमिनियम क्लोराइडचे द्रावण रात्री कोरड्या काखेला लावल्यास घामाच्या नलिकांची तोंडे तात्पुरती बंद होतात. केस काढणे, बेन्झॉइल पेरॉक्साइडयुक्त साबणाने धुणे, डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिजैविक मलम लावणे यांनी पुष्कळांचे भागते. कपड्याचाही हिशेब धरावा लागतो: बेल्जियममधील गेंट येथे २०१४ साली झालेल्या अभ्यासात सुती कापडापेक्षा पॉलिस्टरवर दुर्गंधी निर्माण करणारे जिवाणू अधिक माजतात असे दिसले, आणि स्वस्त टी-शर्ट, साड्या व गणवेश आज बहुतांशी पॉलिस्टरचेच असतात. बोटुलिनम विषाची इंजेक्शने एक्राइन घाम काही महिने थांबवतात आणि ओलावा घटल्यामुळे वासही कमी होतो, मात्र ती पुन्हापुन्हा घ्यावी लागतात व खर्चिक आहेत.

या सगळ्याआधी पाणी येते. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्या वर्षी शेजारच्या धाराशिव जिल्ह्याचीही स्थिती वेगळी नव्हती. टँकरच्या पाण्यावर घर चालवणाऱ्या आणि दिवसभर ऊस तोडणाऱ्या माणसाच्या अंगाला वास येतो, तेव्हा त्याच्या ग्रंथींत काही बिघाड शोधणे हा क्रूर विनोद होईल. आपल्याकडे घामाच्या वासाचा ठपका फार काळ कष्टकऱ्यांवर आणि जातीच्या उतरंडीत खाली लोटलेल्यांवर ठेवला गेला आहे. दुर्गंधीचा वैद्यकीय विचार करताना हा इतिहास दृष्टीआड केला, तर उपचाराच्या नावाखाली जुनीच अवहेलना चालू राहते.

एवढे सारे करून झाल्यावरही ज्यांचा वास दूरवर जाणवतो आणि ज्यांचे शिक्षण, नोकरी वा संसार त्यापायी अडतो, अशा थोड्या लोकांसाठी शस्त्रक्रिया उरते. तिचे दोन आद्य प्रवाह गंमत म्हणजे दुर्गंधीसाठी नव्हे, तर अतिघामासाठी निघाले. स्वीडनमधील टॉर्ड स्कूग आणि थायरेसन यांनी १९६२ मध्ये त्वचा कायम ठेवून तिच्या खालच्या ग्रंथी काढण्याची रीत वर्णन केली. अमेरिकेतील हर्ली आणि शेली यांनी १९६३ मध्ये सर्वाधिक घाम येणारा त्वचेचा लंबगोल तुकडाच काढून टाकण्याचा सोपा मार्ग सुचवला. दुसरी रीत झटपट होते, पण तुकडा मोठा घेतला तर जखम ताणली जाते, वण रुंद होतो आणि कधीकधी खांदा पूर्ण वर उचलता येत नाही. तुकडा लहान घेतला तर कडेच्या ग्रंथी शिल्लक राहतात. म्हणून आज बहुतेक सर्जन पहिल्या रीतीच्या सुधारित आवृत्त्या पसंत करतात.

ही सुधारित शस्त्रक्रिया साधारणपणे पुढीलप्रमाणे पार पडते. रुग्णाला उताणे निजवून दोन्ही हात डोक्यामागे घेतले जातात आणि केसाळ भागाच्या सुमारे एक सेंटिमीटर बाहेरून शाईने सीमा आखली जाते. अतिघामही असेल तर आयोडिन लावून त्यावर पिठूळ स्टार्च भुरभुरतात. जिथे घाम फुटतो तिथे तो निळा-काळा होतो आणि कुठवर जायचे ते दिसते. मग बधिर करणारे औषध व रक्तवाहिन्या आकुंचित करणारे ॲड्रिनलिन घातलेले भरपूर पातळ द्रावण त्वचेखाली भरून काख टम्म फुगवली जाते, त्यामुळे रक्तस्राव घटतो आणि त्वचेचा थर चरबीपासून सहज सुटतो. काखेच्या नैसर्गिक घडीत तीन-चार सेंटिमीटरचा छेद घेऊन आखलेल्या सीमेपर्यंत त्वचा सुटी केली जाते आणि बोटावर उलटवून तिची आतली बाजू वर आणली जाते. तिथे पिवळसर-तांबूस कणांचा जो थर दिसतो, तो अपोक्राइन ग्रंथींचा. वाकड्या कात्रीने हे कण एकेक करून, अंतस्त्वचा पांढरी शुभ्र दिसेपर्यंत छाटायचे असतात. केसांची मुळेही याच पातळीवर असल्यामुळे तीही कापली जातात. नंतर काखेत केस फारच विरळ उगवले, तर ग्रंथी नीट निघाल्याची ती एक खूण मानली जाते. शेवटी जखम धुऊन त्वचा पुन्हा तळाला ठिकठिकाणी टाक्यांनी बसवतात आणि वरून गॉजचा घट्ट गोळा बांधून दाबून ठेवतात, म्हणजे मधल्या पोकळीत रक्त वा पाणी साठत नाही.

शस्त्रक्रियेचा सारा पेच छाटणीच्या खोलीत आहे. ग्रंथी जितक्या कसोशीने काढाव्यात तितका वास जातो, पण तितकीच त्वचा पातळ होऊन तिचा रक्तपुरवठा तुटतो. हात राखून छाटले तर त्वचा सुखरूप राहते, वास मात्र काही महिन्यांत परततो. त्वचेखाली रक्त साकळणे, पाणी साठणे, संसर्ग, कडेची त्वचा काळी पडून मरणे, वण आखडणे हे धोके या पेचातूनच येतात. गव्हाळ व सावळ्या त्वचेवर काळे डाग आणि केलॉइड, म्हणजे जाड उंचवट्याचे वण, अधिक प्रमाणात उमटतात. केलॉइडचा पूर्वेतिहास असणाऱ्याने या वाटेला न जाणेच शहाणपणाचे. वयात येण्याच्या आतबाहेर असलेल्या मुलामुलींतही घाई नको, कारण ग्रंथींची वाढ पुरी होण्यापूर्वी केलेल्या शस्त्रक्रियेनंतर वास उलटण्याचा संभव जास्त असतो.

मोठा छेद टाळण्यासाठी पुढे लहान छिद्रांतून नळी घालून ग्रंथी खरवडून शोषून घेण्याची पद्धत आली. पोटाची चरबी काढणारी साधी नळी येथे अपुरी पडते, कारण ग्रंथी चरबीत सैल पडलेल्या नसून त्वचेच्या पाठीला चिकटलेल्या असतात. त्यामुळे धारदार तोंडाची नळी त्वचेकडे वळवून खरवडावेच लागते. ही पद्धत सौम्य आहे, वण बारीक राहतो, पण सर्जनला आतले दिसत नाही, आणि म्हणून उघड्या डोळ्यांनी केलेल्या छाटणीइतकी खात्री ती देत नाही. लेझर तंतू, रेडिओलहरींच्या सुया आणि त्वचा वरून थंड ठेवून खालच्या सीमेवर उष्णता देणारे सूक्ष्मलहरींचे यंत्र हे आणखी नवे मार्ग होत. या यंत्राला अमेरिकेत २०११ मध्ये काखेच्या अतिघामासाठी परवानगी मिळाली. त्यात छेद नसतो, पण खर्च मोठा असतो आणि काखेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंना इजा झाल्याच्या क्वचित नोंदीही आहेत.

एका शस्त्रक्रियेबद्दल मात्र स्पष्ट नकारच द्यायला हवा. छातीत दुर्बीण घालून अनुकंपी मज्जातंतूंची साखळी तोडण्याची शस्त्रक्रिया तळहातांच्या घामासाठी केली जाते आणि कधीकधी काखेच्या वासासाठीही सुचवली जाते. ती प्रामुख्याने एक्राइन घाम थांबवते, वासाचे मूळ असलेल्या अपोक्राइन ग्रंथी जागच्या जागी राहतात, आणि बदल्यात पाठ, पोट व मांड्यांना आयुष्यभर भरपाईचा घाम सुटू शकतो. उन्हात काम करणाऱ्या माणसासाठी हा सौदा तोट्याचा आहे.

अणदूरच्या बाबतीत या साऱ्याचा व्यावहारिक अर्थ काढता येतो. हे गाव सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात अनोळखी नाही. हॅलो मेडिकल फाउंडेशन या संस्थेने येथूनच आसपासच्या गावांतील स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून प्रशिक्षित केले आणि प्राथमिक उपचार घरापर्यंत नेले. दुर्गंधीच्या तक्रारीसाठी अशी गावपातळीवरची जाणती बाई हीच आदर्श पहिली पायरी ठरेल: मुलीला एकांतात विचारणारी, वास खरा की मनातला याचा अंदाज घेणारी, आणि तुरटी, केस काढणे, सुती कपडा या बिनखर्ची उपायांपासून सुरुवात करणारी. त्यापुढे त्वचारोगतज्ज्ञासाठी सोलापूर, लातूर किंवा धाराशिवची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, आणि राष्ट्रीय महामार्गावरच्या अणदूरहून त्यांतल्या त्यात सोलापूर सोयीचे. सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च भारतातील आरोग्यविम्याच्या प्रमाणित अटींतून वगळलेला असल्यामुळे खासगी रुग्णालयातील सारा बोजा कुटुंबावर पडतो, हे आधीच धरून चालावे.

ज्यांनी शस्त्रक्रियेचा निर्णय पक्का केला आहे, त्यांनी सर्जनला थेट विचारावे, की ते ग्रंथी डोळ्यांनी पाहून छाटतात की नळीने खरवडतात, अशा किती शस्त्रक्रिया त्यांनी स्वतः केल्या आहेत, आणि त्वचा मेली किंवा वास परतला तर पुढे काय करतात. पहिले काही दिवस दंड अंगाला चिकटवून ठेवावे लागतात आणि पुढे तीन-चार आठवडे ओझे उचलणे, विहिरीचे पाणी शेंदणे, डोक्यावर भारा घेणे वर्ज्य असते. म्हणून शेतमजूर वा ऊसतोड कामगाराने ही तारीख हंगामात घेऊ नये, आणि दोन्ही काखा एकाच वेळी करायच्या असतील, तर वेणी घालण्यापासून जेवण भरवण्यापर्यंत हाताशी कोणीतरी असेल याची सोय आधी लावावी.